पापड सादळतो, तशी कातडीही

जून अर्धा सरला की घरातली खारी मऊ पडते, मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो आणि सकाळी तळलेला पापड दुपारच्या पानात कापडासारखा वाकतो. या सगळ्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: सादळणं. भिजणं वेगळं. भिजलेली वस्तू डोळ्यांना दिसते, आपण ती पुसतो, वाळत टाकतो. सादळलेली वस्तू वरून कोरडीच वाटते. हवेतलं पाणी गुपचूप आत मुरलेलं असतं आणि तिचा कडकपणा गेलेला असतो.

पावसाळ्यात कातडीचं हेच होतं. चिखल्या, गजकर्ण, शिबं, मांड्या काचणं ही वरवर वेगवेगळी दुखणी दिसतात, पण त्यांची सुरुवात बहुतेक वेळा सादळलेल्या कातडीतून होते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. तरी जुलै आला की शिक्षकांच्या खोलीत कोणी ना कोणी हळूच विचारतं, "मॅडम, यावर काय लावू?" मला दरवेळी वाटतं, आधी "हे वाळवू कसं?" असं विचारायला हवं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. एकावर एक पंधरा-वीस चपट्या पेशी आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा, अशी ही भिंत. अंगावर बहुतेक ठिकाणी तिची जाडी साध्या कागदाहूनही बरीच कमी. या पेशींत केराटिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं; नखं आणि केस त्याचेच. केराटिनला पाण्याची ओढ आहे. मापात पाणी असेल तर भिंत लवचीक राहते. पाणी जास्त झालं की पेशी फुगतात, मधला गिलावा विस्कटतो, कातडी पांढरट आणि मऊ होते आणि जरा घासलं तरी सोलवटते. ओल्या कातडीवर कापड सरकतही नाही, चिकटून ओढत राहतं. पावसात चालून आल्यावर मांड्या आणि जांघा काचतात त्या यामुळे.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. पाण्यात राहून बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, त्या पाणी मुरल्यामुळे पडतात असं आपण समजतो. खरं तर ते काम मज्जातंतूंचं. बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला मांसल भाग किंचित बसतो आणि वरच्या कातडीला चुण्या पडतात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटला आहे त्याला सुरकुत्या पडत नाहीत, हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे. तेव्हा सुरकुतलेली बोटं हे सादळण्याचं लक्षण धरू नका. पायाच्या बोटांच्या बेचक्यात दिसणारी पांढरी, भाताच्या पेजेसारखी कातडी, ते खरं लक्षण.

पाणी येतं कुठून? पावसातून येतं त्यापेक्षा जास्त आपल्याच घामातून. मुंबईत जुलैत हवेची आर्द्रता पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. हवा आधीच पाण्याने इतकी भरलेली की घाम उडून जायला तिच्यात जागाच उरत नाही. शरीराला थंडावा मिळत नाही, म्हणून ते आणखी घाम काढतं, आणि तोही अंगावरच राहतो. त्यात वरून बंद रेनकोट. बाहेरचा थेंब आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही, त्यामुळे स्टेशनवर पोचेपर्यंत माणूस आतून चिंब. कोकणातलं जुनं इरलं या बाबतीत शहाणं होतं. पाठीवर टोपलीसारखं घ्यायचं, समोरून आणि खालून मोकळं. वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर पाऊस पडत नसे आणि अंगाला वाराही लागत असे. आज इरलं घालून लोकलमध्ये चढता येणार नाही हे मान्य, पण रेनकोटपेक्षा छत्री बरी एवढं तर करता येतं.

चिखल्या

चिखल्या हा शब्दच सांगतो की दुखणं कुणाचं होतं. चिखलणी झालेल्या खाचरात दिवसदिवस उभं राहणाऱ्यांचं. आता तो शहरातही तितकाच चालतो, कारण ओले मोजे आणि बंद बूट घालून आठ तास ऑफिसात बसणं म्हणजे पायांच्या दृष्टीने खाचरात उभं राहणंच. सुरुवात बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात होते, कारण ती दोन बोटं सगळ्यात दाटीने बसलेली असतात. तिथे वारा पोचतच नाही. आधी कातडी पांढरी पडते, मग सुटते, चीर जाते, झोंबते. त्या फटीतून बुरशी शिरते आणि दुर्लक्ष केलं तर मागोमाग जिवाणू. वास यायला लागला, पाणी सुटलं की समजावं, प्रकरण नुसत्या बुरशीचं राहिलेलं नाही.

ओल्या पायांवर बराच अभ्यास एका युद्धाच्या निमित्ताने झाला. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक भाताच्या खाचरांतून दिवस-दिवस चालायचे आणि सलग दोन-तीन दिवस बूट ओले राहिले की पाय सुजून, सोलवटून चालणं अशक्य व्हायचं. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, ते आपल्या शेतकऱ्याला नवं नाही: पाय दिवसभर भिजले तरी चालतील, पण मधे काही तास पूर्ण कोरडे मिळाले पाहिजेत. रात्र वाया घालवायची नाही. किती भिजलात त्यापेक्षा सलग किती वेळ भिजलेले राहिलात, यावर पुढचं सगळं ठरतं.

माझी आत्या संगमेश्वरजवळ राहते. लावणीच्या दिवसांत ती सकाळी शेतावर जाण्याआधी पायांना कोकमाचं तेल किंवा खोबरेल चोळायची आणि संध्याकाळी आल्यावर मात्र काही लावायची नाही. पाय धुवायचे, फडक्याने बोट-बोट पुसायचं आणि चुलीसमोर पाय पसरून बसायचं. लहानपणी मला ती तेल लावायला विसरते असं वाटे. यातलं शास्त्र अगदी सरळ आहे. कोरड्या पायावर लावलेलं तेल पाण्याला बाहेर ठेवतं. ओल्या पायावर लावलेलं तेल पाण्याला आत कोंडतं. तेल एकच, लावायची वेळ चुकली की काम उलटं. हेच पेट्रोलियम जेलीलाही लागू: पावसात निघण्याआधी टाचांना आणि बेचक्यांना पातळसा हात फिरवलात तर उपयोग, घरी येऊन ओलसर पायांवर थापलीत तर नुकसान.

शहरात चूल नाही, पण पंखा आहे. घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा, प्रत्येक बेचकं टॉवेलच्या टोकाने टिपून घ्या (घासू नका) आणि अर्धा तास अनवाणी पंख्याखाली बसा. ऑफिसच्या खणात मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवा. सुती मोजे चांगले अशी आपली समजूत आहे, पण सुती मोजा पाणी पितो आणि धरून ठेवतो. भिजला की तो बदलला पाहिजे, अंगावर वाळायची वाट बघायची नाही. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि शक्य असेल तर एकच जोड रोज घालायचा नाही, कारण आतला ओलावा एका रात्रीत जात नाही. उघड्या पावसाळी चपला बुटांपेक्षा केव्हाही बऱ्या. दिवसभर गमबूट घालणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो: तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे आणि असह्य दुर्गंधी. तो जिवाणूंचा प्रताप. लाज वाटून लोक लपवतात, पण डॉक्टरकडे गेलं तर तो सहसा लवकर आटोक्यात येतो.

उघड्या चपलांना एक अपवाद आहे आणि तो जिवाशी आहे. रस्त्यावर पाणी तुंबलं असेल तर त्यात उंदीर-घुशींचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरा हा जिवाणू येतो. त्याला शिरायला चिखल्यांची एक चीर पुरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, अर्धी मुंबई कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली आणि त्यानंतर शहरात लेप्टोची साथ आली. सिंधुदुर्गात भातशेती करणाऱ्यांनाही हा आजार ओळखीचा आहे. म्हणून तुंबलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर पाय झाकलेले हवेत, घरी येताच साबणाने धुतलेले हवेत. पायाला जखम असेल तर ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरकडे जावं. मुंबई महापालिकाही दर पावसाळ्यात ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ला घ्या असं सांगते. प्रतिबंधक गोळी कुणाला, किती द्यायची ते डॉक्टर ठरवतात. गरोदर बाई आणि लहान मूल यांचं गणित वेगळं असतं, तेव्हा शेजाऱ्याची गोळी अर्धी-अर्धी करून खाऊ नये.

मधुमेह असलेल्यांनी तर रोज रात्री पाय उजेडात बघावेत. संवेदना कमी झालेल्या पायाला चीर पडलेली कळत नाही. पाय लाल, गरम, सुजलेला झाला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना.

गजकर्णाची ट्यूब

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्या विषयाकडे येते.

गजकर्ण म्हणजेच नायटा. ही बुरशी जिवंत पेशी खात नाही, वरच्या थरातलं केराटिन खाते. मधून बाहेर पसरत जाते. मागे शरीर तिला हुसकत येतं, म्हणून मधला भाग बरा दिसतो आणि कडेला लाल, खवल्यांची, खाजरी कड राहते. तीच ती गोल चकती. जांघ, कंबरपट्टा, काख, स्तनांखालची घडी, जिथे कातडीला कातडी लागते आणि घाम साचतो तिथे तिचं घर. घट्ट जीन्स आणि कमरेचं इलॅस्टिक तिला आणखी सोय करून देतात.

माझा भाचा पुण्यात वसतिगृहात राहायचा. पहिल्याच पावसाळ्यात जांघेत चकती उठली. औषधाच्या दुकानात जाऊन त्याने नुसतं "खाजेवरचं काहीतरी द्या" म्हटलं आणि एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली. ट्यूब खोलीतल्या तिघांनी वापरली. महिन्याभराने चकती परत, या वेळी दुप्पट. पुन्हा ट्यूब. दिवाळीत घरी आला तेव्हा पोटापासून गुडघ्यापर्यंत पसरलेलं होतं आणि मांडीवर गरोदरपणानंतर पोटावर पडतात तसे जाड लाल वळ.

त्या ट्यूबमध्ये होतं काय? अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन गोष्टी एकत्र असतात: बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोरदार स्टिरॉइड. दोन दिवसांत आराम पडतो तो स्टिरॉइडमुळे. लाली आणि खाज हे आपल्या शरीराने बुरशीशी चालवलेल्या भांडणाचे आवाज असतात. स्टिरॉइड भांडण थांबवतं, म्हणजे आपल्या बाजूच्या लोकांना घरी पाठवतं. घर शांत होतं आणि बुरशी निवांत पसरते. शिवाय कातडी पातळ होते, म्हणून ते वळ, आणि ते पूर्ण कधीच जात नाहीत. चकतीचं ठरलेलं रूपही बदलतं, इतकं की डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. चेहरा बदललेल्या अशा गजकर्णाला त्वचारोगतज्ज्ञांच्या भाषेत स्वतंत्र नावही आहे, टिनिया इनकॉग्निटो.

सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच लावायची स्टिरॉइड्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानात काय चालतं ते आपण सगळे जाणतो. त्यामुळे ट्यूबच्या पाठीवरचं बारीक अक्षर आपणच वाचायला शिकलं पाहिजे. मी मुलांना एक ढोबळ खूण सांगते. नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" आलं, उदाहरणार्थ बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ते स्टिरॉइड. शेवटी "झोल" आलं, जसं क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोल, तर ते बहुतेक वेळा बुरशीचं औषध. मराठीत झोल म्हणजे गडबड, पण इथे झोलवालं नाव सरळ असतं आणि गडबड सोन-सोलमध्ये असते. मुलं हसतात आणि मग विसरत नाहीत. खूण ढोबळच आहे, टर्बिनाफाइन हे बुरशीचं औषध तिच्यात बसत नाही, पण ट्यूब खाली ठेवायला तेवढी पुरते.

या अर्धवट औषधांच्या सवयीचा एक परिणाम देशाबाहेरही पोचला आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका नव्या बुरशीचं वर्णन केलं. ती एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाकडून मिळालेली होती. तिचं नावच ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. टर्बिनाफाइन ज्या विकराला (एन्झाइमला) अडवून बुरशी मारतं, त्या विकराचा साचाच या बुरशीत बदललेला असतो. कुलूप बदललं, जुनी किल्ली लागत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांमध्ये ती सापडली तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी मोठी बातमी केली. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना त्यात नवल वाटलं नसावं. काही आठवड्यांच्या औषधाने जाणारा गजकर्ण आता महिनोन् महिने जात नाही, हे ते आधीपासून बघत होते.

मग करायचं काय? खात्री नसेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन कडेची खवलं खरवडून तपासून घ्यायची. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. स्वस्त आणि झटपट तपासणी आहे. औषध नुसतं बुरशीचं, दिसणाऱ्या कडेच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि खाज थांबली म्हणून थांबायचं नाही. कातडी स्वच्छ दिसायला लागल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. खरं तर सगळा गाडा या दोन आठवड्यांतच रुततो. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी, नाहीतर नवऱ्याचा बायकोला आणि बायकोचा नवऱ्याला, असं वर्षभर फिरत राहतं.

आणि कपडे. झडलेल्या खवल्यांत बुरशी महिनोन् महिने तग धरते. रुग्णाचे टॉवेल, आतले कपडे आणि चादरी वेगळ्या, शक्यतो साठ अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवायच्या. पावसात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, कुबट वास मारतात आणि आपण "अंगावर वाळेल" म्हणत तेच चढवतो. आतल्या कपड्यांच्या बाबतीत हे अजिबात करू नये. उलटे करून, शिवणींवरून गरम इस्त्री फिरवली की ओलही जाते आणि बुरशीही बरीच मरते. आजी धुपाटण्यावर बाळाची लंगोटं शेकायची, त्यात धुराइतकाच वाटा त्या कोरड्या उष्णतेचा होता.

उरलेलं, थोडक्यात

शिबं म्हणजे पाठीवर, छातीवर, मानेवर उठणारे फिकट किंवा तपकिरी, बारीक कोंडा सुटणारे डाग. पांढरे दिसले की आई-वडील कोडाच्या धास्तीने हबकतात. शिबं कोड नाही. ती उठवणारी यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, प्रत्येकाच्या अंगावर असतेच, दमट हवेत फोफावते आणि तेलावर जगते. म्हणून पावसाळ्यात पाठीला तेल चोपडणं तिला जेवायला वाढण्यासारखं. उपचार सोपा आहे, पण डाग जाऊन रंग पूर्ववत व्हायला महिने लागतात. तेवढ्यात औषध लागू पडलं नाही असं ठरवू नये.

घामोळं येतं ते घामाच्या नळीचं तोंड बंद झाल्याने. त्यावर पावडरीचा थर देणं ही आपली पिढीजात सवय, पण ओल्या अंगावर पावडर टाकली की तिचा लगदा होतो आणि उरलेली तोंडंही बुजतात. आधी थंड पाण्याने अंघोळ, टिपून कोरडं, पंखा. मग हवी तर चिमूटभर पावडर.

अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतू नका. कातडी स्वभावाने किंचित आम्लधर्मी असते आणि तिला तसंच राहू द्यावं. साधा वडीचा साबण आधीच अल्कधर्मी असतो, म्हणून दिवसातून तीनदा साबण चोळण्यातही शहाणपण नाही. चेहऱ्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही: दोनदा धुवा, चोपडं क्रीम असेल तर पातळ घ्या, आणि ढग असले तरी अतिनील किरणांचा बराच भाग खाली येतो, एवढं लक्षात ठेवा.

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुळ्या आहेत, घरातले दोघे-तिघे खाजवताहेत? मग ती खरूज असू शकते. ती किड्याची, बुरशीची नव्हे. औषध वेगळं आणि सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचं.

शेवटी तो "किडा मुतला" प्रकार. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर लांबट, भाजल्यासारखा लाल पट्टा, त्यावर पाणीदार फोड. काही जण त्याला नागीण समजून गेरू लावायला धावतात. हा पेडेरस नावाच्या नारिंगी-काळ्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या, जेमतेम सेंटिमीटरभर किड्याचा उद्योग. तो चावत नाही आणि मुततही नाही. भातखाचरांजवळ राहतो, तिथल्या किडी खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. पावसाळ्यात दिव्याकडे झेपावतो, अंगावर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीवर पसरतो. आग लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून गुन्हेगार सापडत नाही. कोपराच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन सारखे डाग उमटतात, ठशासारखे. किडा अंगावर दिसला तर मारू नका, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन उडवा; चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्यांना लावू नका. अंथरुणाच्या डोक्यावरचा दिवा मात्र खिडकी लावल्याशिवाय पेटवायचा नाही.